वरची मूठ

अहवालाचे अकरा रकाने भरून झाले होते, एकच उरला होता. म्हटलं तर काम अर्ध्या तासाचं. दुपारी दोनला जायचं, त्या माणसाला एक प्रश्न विचारायचा, उत्तर लिहायचं आणि चारच्या आत पाकीट बंद करून कार्यालयात द्यायचं. घरून निघताना तिनं आईला सांगितलंसुद्धा, "आज लवकर येते गं. चहा टाकून ठेव."

"ये बाई ये," आई म्हणाली. "सात वर्षं एवढ्या लांब जाऊन शिकलीस आणि शेवटी तुरुंगात गेलीस. लोक विचारतात तेव्हा मी काय सांगू?"

"सांग, वागणूक चांगली आहे म्हणून रोज संध्याकाळी सोडतात."

तुरुंगात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. आपण औषध देणारी डॉक्टर नाही, माणसाच्या मनाचा अभ्यास करतो, हे तिनं पहिल्या आठवड्यात दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण याचं काय?" त्या दिवसापासून तिनं नाद सोडला.

ती ज्या विश्वासानं परत आली होती तो तिनं कुणाला उघड सांगितला नव्हता, कारण सांगितला की लोक हसत. कुठलाही माणूस पुरता वाईट नसतो. कुणीतरी त्याला कधीतरी वाकवलेलं असतं. वाकवणारा हात शोधून काढला, की माणूस पुन्हा सरळ करता येतो. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं आणि मग पुस्तक मिटून मनापासून मानलं होतं. आता पहिल्यांदाच तिच्या मानण्याला वजन आलं होतं. तिच्या सहीवर एक माणूस चौदा वर्षांनी बाहेर पडणार होता.

त्या माणसाला खालचा म्हणत. नाव कागदोपत्री होतं, पण ते हाक मारायला कुणी वापरत नसे. खालचा आणि वरचा अशी ती जोडी होती, लाकडाच्या वखारीत ओंडके चिरणारी. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, त्यावर दोन आडव्या तुळया, तुळयांवर ओंडका. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खड्ड्यात. मध्ये दोघांची मिळून एक लांब करवत, वर एक मूठ, खाली एक मूठ. वरचा रेघ बघतो. खालच्याला काहीच दिसत नाही. त्याच्या डोळ्यांत भुसा पडत असतो.

मग वखारीत चिरायचं यंत्र आलं. ते बसवायला एक तरुण फिटर आला. आठवडाभर तो मापं घेत होता, यांच्याशी हसूनखेळून बोलत होता, यंत्राचा पाया कुठे येईल ते दाखवत होता. पाया त्या खड्ड्यावरच येणार होता. आठव्या दिवशी दुपारी फिटर खड्ड्यात सापडला, ओंडक्याखाली.

खटल्यात जे बाहेर आलं ते एवढंच. काठावरच्या उतारावर पुढचा ओंडका पाचर लावून तयार ठेवलेला असे. त्याची पाचर वरच्यानं हातोड्यानं उडवली. हे त्यानं स्वतःच, न बोलता, नुसत्या हातांनी पोलिसांना दाखवलं. ओंडका घरंगळला. एरवी तो तुळयांवर येऊन थांबायचा, पण त्या दिवशी एक तुळई हातभर बाजूला सरकवलेली होती. खाली फिटर होता आणि खालचाही होता. खालचा भिंतीतल्या कोनाड्यात सरकला म्हणून वाचला. खालचा म्हणाला, मला काही माहीत नव्हतं, मी भुश्यात होतो. वरचा चौकशीपासून निकालापर्यंत एक अक्षर बोलला नाही. दोघांना जन्मठेप झाली. एकाच तुरुंगात आले, तुरुंगाच्या सुतारकामाच्या विभागात पुन्हा एकाच करवतीला लागले. नऊ वर्षांनी वरचा तापानं गेला. त्याच्या कागदावर ओळखीची खूण म्हणून लिहिलेलं होतं: डाव्या हाताचं मधलं बोट नाही.

उरलेला रकाना होता, गुन्ह्यात पुढाकार कोणाचा. उत्तर तिला ठाऊकच होतं. वर उभा असतो तो बघतो, ठरवतो, रेघ धरतो. खाली असतो तो भरडला जातो. तिला फक्त खालच्याच्या तोंडून ते हवं होतं.

याआधी ती त्याला तीनदा भेटली होती. साठीकडे झुकलेला, मऊ आवाजाचा, खाली मान घालून बसणारा. दर महिन्याला बहिणीचं पत्र यायचं, ते तो घडी मोडू नये म्हणून वहीत ठेवायचा. बोलता बोलता मध्येच डोळे मिचकावायचा आणि खांदे झटकायचा.

"काय झालं?" तिनं पहिल्या भेटीत विचारलं होतं.

"पडतंय ना वरून," तो ओशाळून म्हणाला.

वर सिमेंटचं छत होतं, नुकता चुना दिलेलं.

"तो अजून सोडत नाही मला, मॅडम," तो हळूच म्हणाला. "डोक्यावर उभा असतो."

तिनं वहीत लिहिलं: दडपलेली भीती, जोडीदाराचा पगडा कायम. लिहून पान उलटताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. पानांच्या बेचक्यात चिमूटभर भुसा होता. ताजा. नाकाशी नेला तर ओल्या लाकडाचा वास आला. कैदी सुतारकामाला जातो, कपड्यांवर येत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीतही तेच झालं. मात्र तिसऱ्या भेटीच्या वेळी तो आठ दिवस तापानं पडून होता आणि थेट दवाखान्याच्या खाटेवरून उठून आला होता. ते तिच्या ध्यानात आलं, पण ते कुठे लिहावं असा रकाना अहवालात नव्हता.

त्या दुपारी भेटीच्या खोलीत तो नव्हता. गुडघेवाला पहारेकरी म्हणाला, "सुतारकामाकडे नेलाय. यंत्राचा पट्टा तुटला आणि दारांच्या फळ्या आजच हव्यात साहेबांना. मास्तरनं जुना खड्डा उघडलाय. चला, मी येतो तुमच्यासोबत. लंगडत येतो, पण येतो."

सुतारकामाची शेड लांबट, पत्र्याची. भर दुपार असूनही आत उजेड मळकट. जेवणानंतरची मोजणी चालू होती म्हणून बाकी कैदी कुणी नव्हते. टोकाला पाच वर्षांनी झाकण काढलेला खड्डा. त्यातून गार, कुबट हवा येत होती, आणि त्या कुबट वासाखाली ताज्या चिरलेल्या लाकडाचा गोड वास. अजून करवत चालली नव्हती, तरी.

सुतारमास्तर म्हणजे कानसेसारखा वाळका म्हातारा. तो करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवत बसला होता. खालचा आधीच खड्ड्यात उतरला होता.

"खालचा मिळाला, वरचा कुठून आणू?" मास्तर कुरकुरला. "सकाळी या तुळया ठेवायलाच एक कैदी मदतीला घ्यावा लागला. तिघांना चढायला सांगून बघितलं. याच्यावर उभं राहायला एकही तयार नाही."

"वरच्याचं काम अवघड असतं?" तिनं विचारलं.

"अवघड कसलं! उचलायचं नि रेघ सांभाळायची. कापणारा तो नव्हे."

"म्हणजे?"

"हे बघा, बाई." त्यानं तिचं बोट धरून दातांवर ठेवलं. "दात कुठे वळलेत? खाली. वर जाताना करवत नुसती जाते. कापते ती खाली येताना. कापतो तो खालचा. सुरुवातही त्याचीच. त्यानं ओढलं की वरच्यानं उचलून द्यायचं, बस्स."

अकरा रकाने तिच्या पिशवीत होते आणि एकदम जड झाले होते. तिनं कधी करवत बघितली नव्हती. न्यायाधीशांनीही बघितली नसावी. वर उभा आहे तो वरचढ, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि तिनं तर सात वर्षं शिकून धरलं होतं.

"मी धरू का वरची मूठ?" ती म्हणाली.

"बाई, हे काय सतार वाजवणं आहे? हातांना फोड येतील."

"चार हात ओढेन फक्त. मला कळायला हवं."

मास्तरनं गुडघेवाल्याकडे बघितलं. गुडघेवाला दाराशी स्टुलावर बसत म्हणाला, "करू दे हो. शिकलेली माणसं सांगून ऐकत नाहीत." मास्तरनं तिला ओंडक्यावर चढवलं, पाय कुठे रोवायचे ते दाखवलं. तिच्या उजव्या पायाशेजारी, हातभर अंतरावर, उतारावर पुढचा ओंडका पाचरीला टेकून उभा होता. "तिकडे पाय न्यायचा नाही," त्यानं बजावलं आणि करवतीला लावायला तेल आणतो म्हणून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला.

खाली तिला फक्त दोन हात दिसत होते, आणि फडकं बांधलेलं डोकं.

"ओढू, मॅडम?"

"ओढा."

करवत खाली गेली. खर्रर्र. तिचे खांदे करवतीसोबत खेचले गेले. तोल जाऊ नये म्हणून तिनं उचललं. पुन्हा खर्रर्र. पुन्हा उचल. पाच-सहा वेळांनंतर तिला कळलं की उचलायचं की नाही हे आपण ठरवतच नाही आहोत. न उचललं तर आपणच खाली जाऊ. शरीर आपणहून उचलतं.

"मला एकच विचारायचंय," ती धापा टाकत म्हणाली. "त्या दिवशी... त्याला कोणी सांगितलं पाचर उडवायला?"

खर्रर्र.

"आमच्यात सांगायची पद्धत नव्हती," खालून मऊ आवाज आला. "दोन छोटे हिसके दिले की पाचर काढायची. पुढचा ओंडका येऊ दे, असा अर्थ. हिसके देऊन मी कोनाड्यात जायचो."

"तुम्ही हिसके दिलेत?"

"दिले असतील. सवय असते हाताला."

"फिटरला खाली कोणी बोलावलं?"

खर्रर्र. खर्रर्र.

"वरच्याला माहीत होतं का, खाली तो आहे?"

"त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वीस वर्षांत आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही, मॅडम. ओढलं की उचलायचं." मग, ओढता ओढताच, "सही आज होईल ना?"

"हो," ती म्हणाली.

म्हणायचं नव्हतं तिला. करवत वर आली आणि तिच्याबरोबर शब्द वर आला.

"बहिणीच्या घरामागे एक खोली आहे."

"हो."

"तिची मुलं अजून लहान आहेत. मला जपतील... मी त्यांना जपेन."

"हो."

"पुढाकार त्याचा होता."

"हो..."

थांबायचं ठरवून तिनं बोटं सैल करायला घेतली, ती सैल होईनात. आणि मग तिच्या हातांवर काहीतरी टेकलं. गार. मागून, खांद्यांवरून आल्यासारखं. दोन तळवे तिच्या हातांवर, बोटं तिच्या बोटांवर. डाव्या हाताला मध्ये एक फट होती. तेवढ्याच जागी तिची कातडी गरम होती.

तिला ओरडता आलं नाही. दाराशी गुडघेवाल्याची पाठ दिसत होती. मास्तर डब्यात तेल ओतत होता. पण तिच्या मनात लख्ख उजेड पडला. तो आलाय. तो माझे हात सोडवतोय. खांद्यांवरचा भुसा, पानांतला भुसा, तो त्याला छळण्यासाठी नव्हताच, मला सांगण्यासाठी होता...

करवत एकाएकी हलकी झाली. वर येताना तिला जोरच लागेना.

खाली आवाज थांबला.

"मॅडम... वर कोण आहे?"

"मी... मीच आहे."

"नाही. तुमच्यानं इतकी हलकी येत नव्हती." खालचा श्वास ऐकू येत होता. "दोघं आहात तुम्ही."

ओंडक्याच्या चिरेतून भुसा सरसर खाली पडत राहिला, करवत थांबलेली असूनही. मग खालच्यानं अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हटलं, "आलास?"

आणि करवतीला दोन छोटे हिसके बसले.

पुढचं तिला नीट आठवत नाही. उजव्या पायाला टणक काहीतरी लागलं एवढं आठवतं. मग लाकूड लाकडावर करकरलं, उतारावरचा ओंडका चार बोटं पुढे सरकला आणि मास्तरची आरोळी शेडभर घुमली. म्हातारा त्या वयात कसा धावला देव जाणे. त्यानं पाचर परत घुसवली, वर हातोड्याचे तीन घाव घातले आणि मग तिला दंडाला धरून खाली उतरवलं.

"सांगितलं होतं ना, तिकडे पाय न्यायचा नाही!" त्यानं खड्ड्याकडे बोट दाखवलं. "माणूस आहे खाली!"

खालचा शिडीनं वर आला. तोंडावर भुश्याचा थर, त्यात डोळ्यांतून निघालेल्या दोन ओल्या रेघा. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे, थोडं वर बघत होता. इतक्या भेटींत तिनं त्याला मान वर केलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तो कोनाड्यात गेला नव्हता, हेही तिला तेव्हाच कळलं. फडक्यावर चिरेतून पडलेल्या भुश्याची सरळ पट्टी तशीच होती.

"कुणाला हिसके दिलेत?" तिनं विचारलं.

"विचारत होतो," तो म्हणाला. "तोच आहे का ते."

पावणेचारला तिनं जुना अहवाल फाडला. अक्षर ठाम आलं. पुढाकार खालच्याचा. मृत जोडीदार पूर्णतः त्याच्या अमलाखाली. सुटकेची शिफारस करता येत नाही. बहिणीच्या लहान मुलांचा उल्लेख तिनं दोनदा केला. शेवटी सही केली, पाकीट चिकटवलं आणि कारकुनाच्या हातात दिलं. चौदा वर्षं गप्प राहिलेल्या एका मेलेल्या माणसाला आपण आज न्याय दिला, असं वाटून फाटकातून बाहेर पडताना तिचे डोळे भरून आले. गुडघेवाल्याला तिनं गुडघा शेकायलासुद्धा सांगितलं.

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीत होतं. आईनं चहाचं आधण ठेवलं, आणि तिनं बाह्या वर सारल्या तशी आई थबकली.

"हे काय गं? कुणी धरलं होतं तुला?"

दोन्ही हातांच्या पाठीवर, मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, निळसर वळ उठले होते.

"धरलं नाही, आई. सोडवलं," ती म्हणाली. हसूही आलं तिला. "एका माणसानं मूठ सोडवली माझी."

"मला शिकवू नकोस. तुझ्या मुठीतून कात्री न् चाकू सोडवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं." आई तिच्या खुर्चीमागे आली. "सोडवणारा बोटं आत घालतो, मुठीच्या खालून. हे वळ बघ, वरून आहेत. अंगठे बाहेरून आवळलेत. हात टेबलावर ठेव, मुठी वळ. हं. असं." आईनं मागून खांद्यांवरून हात आणले आणि आपले तळवे तिच्या मुठींवर ठेवून दाबले. प्रत्येक बोट आपल्या वळावर बसलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली मात्र वळ नव्हता. "सुटू नये म्हणून धरतात ते असं."

कुठूनशी खटल्यातली ती तुळई तिच्या डोळ्यांपुढे आली. हातभर सरकवलेली तुळई. आज सकाळी तुरुंगातल्या खड्ड्यावर तसलीच तुळई ठेवायला मास्तरला एक कैदी मदतीला घ्यावा लागला होता, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं. तसली तुळई एकट्या माणसाला हलत नाही. वखारीतली तुळईसुद्धा कुणा एकट्याला हलली नसणार. एका टोकाला एक लागतो, दुसऱ्या टोकाला दुसरा.

मग पाचरीला पाय कुणाचा लागला? आणि कुणी लावला?

पाकीट आता साहेबांच्या टेबलावर असेल. तिनं डोळे मिटून घेतले. ओल्या लाकडाचा गोड वास आला. आईचे हात अजून तिच्या मुठींवर होते, आणि चहाच्या आधणापाशी उभ्या राहिलेल्या बाईचे हात असावेत त्या मानानं फार गार होते.

"आई, कळलं मला. सोड आता."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या.

"काय म्हणालीस गं?" आईनं तिथूनच विचारलं.